ओळंबा, टेप आणि सांधा : शरीराच्या हालचालीतील बले कशी मोजावीत

हातात ५ किलोचे ओझे घेऊन कोपर काटकोनात स्थिर धरले असता दंडाच्या स्नायूला किती बल लावावे लागत असेल, असे विचारल्यास बहुतेक जण ५ किलोच्या आसपासचे, किंवा फार तर त्याच्या दुपटीचे उत्तर देतात. प्रत्यक्षात ते बल सुमारे ५० किलो वजनाइतके असते. सतराव्या शतकात इटलीतील जिओव्हानी अल्फोन्सो बोरेल्ली यांनी तरफेचे नियम मानवी सांध्यांना लावले, तेव्हा त्यांनाही हेच आढळले होते की बाहेरून दिसणाऱ्या ओझ्यापेक्षा आतील स्नायूंचे बल कितीतरी मोठे असते. स्नायू सांध्याच्या अगदी जवळ हाडाला चिकटलेले असतात. त्यामुळे स्नायू थोडासा आखडला तरी हातापायाचे टोक मोठा पल्ला वेगाने गाठते, मात्र या वेगाची किंमत स्नायूला आणि सांध्याला बलाच्या रूपाने चुकवावी लागते. ही किंमत किती, हे काढण्याची पद्धत पुढे दिली आहे. तिला शाळेत शिकलेल्या तरफेपलीकडचे गणित लागत नाही.

साहित्य थोडेच लागते : मोजण्याची टेप, वजनकाटा, कागद-पेन्सिल, स्थिर ठेवता येईल असा मोबाइलचा कॅमेरा आणि एक ओळंबा. गवंड्याचा ओळंबा नसल्यास दोऱ्याला जड नट किंवा किल्ली बांधूनही काम भागते. या सर्वांत ओळंब्याचे महत्त्व अधिक आहे, कारण वजन नेहमी सरळ खाली ओढते आणि ती रेषा डोळ्यांना दिसत नाही, ओळंब्याने दिसते.

आधी सांध्याचा अक्ष शोधावा

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणपणे २०६ हाडे असतात, पण एका वेळी त्यांतील दोन-तीनच विचारात घ्यावयाची असतात. हाड म्हणजे तरफेचा दांडा, सांधा म्हणजे टेकू, स्नायू म्हणजे बल लावणारा आणि शरीराच्या भागाचे वजन अधिक बाहेरचे ओझे म्हणजे भार, एवढी जुळणी मनात पक्की झाली की अर्धे काम झाले. टेकू नेमका कोठे आहे, हे मात्र अंदाजाने ठरवू नये. सांधा हळूहळू हलवावा आणि आजूबाजूचे सर्व हलत असताना कोणता बिंदू जवळजवळ जागच्या जागी राहतो, ते पाहावे.

बिजागरीच्या सांध्यांत हे सोपे असते. कोपराच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणारे हाडाचे उंचवटे जोडणारी रेषा हाच जवळजवळ त्याचा अक्ष होय. गुडघ्याच्या बाबतीत मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, बाहेरच्या अंगाला असलेला उंचवटा धरावा. गुडघ्याचा अक्ष वाकताना थोडा सरकतो, पण आपल्या हिशेबाला तेवढी सूट चालते. खुब्याचा सांधा उखळीचा असून खोलवर असतो. मांडीच्या वरच्या भागात बाहेरून एक टणक टोक बोटांना लागते आणि पाय आत-बाहेर वळवला की ते बोटाखाली सरकते. खुब्याच्या गोळ्याचे केंद्र साधारण त्याच उंचीवर, पण शरीराच्या मध्याकडे असते. कमरेसाठी दोन्ही बाजूंच्या कटीच्या हाडांच्या वरच्या कडा शोधून त्यांच्या थोडे खाली, पाठीच्या मध्यावर खूण करावी; कण्याचा सर्वांत खालचा हलणारा सांधा तेथे असतो.

एक सावधगिरी येथेच नोंदवणे बरे. आपण ज्याला एका सांध्याची हालचाल म्हणतो, ती पुष्कळदा दोन-तीन सांध्यांची मिळून झालेली असते. हात बाजूने थेट डोक्यावर नेला, तर त्या सुमारे १८० अंशांपैकी साधारण १२० अंश खांद्याच्या उखळीत घडतात आणि उरलेले ६० अंश खांद्याचे पाते पाठीवर फिरल्यामुळे मिळतात. दुसऱ्याच्या पात्याच्या खालच्या टोकावर बोट ठेवून त्याला हात वर करण्यास सांगितले की ते टोक बाहेर सरकताना स्पष्ट कळते. पुढे वाकणे हेही असेच संयुक्त काम असून त्यात खुबे आणि कमरेचे मणके दोन्ही वाकतात. तळहात उलटा-सुलटा करणे तर कोपराचे वाटते, पण त्यात अंगठ्याच्या बाजूचे हाड करंगळीच्या बाजूच्या हाडावरून आडवे जाते. दुसऱ्या हाताने दोन्ही हाडे पकडून तळहात फिरवून पाहावा. करंगळीच्या बाजूचे हाड फारसे हलत नाही.

पहिला हिशेब कोपराचा

कोपरापासून सुरुवात करावी, कारण येथे प्रत्येक अंतर टेपने मोजता येते. उभे राहून दंड शरीराला समांतर ठेवावा, कोपर काटकोनात वाकवावे आणि तळहातावर ५ किलोचे ओझे धरावे. ओझ्याच्या मध्यातून ओळंबा सोडावा. कोपराच्या अक्षापासून त्या दोऱ्यापर्यंतचे आडवे अंतर मोजावे. मध्यम उंचीच्या माणसात ते ३५ सेंटीमीटरच्या आसपास भरते. मोजावयाचे ते नेहमी बलाच्या रेषेपर्यंतचे लंब अंतर असते, हाडाची लांबी नव्हे. कोपर काटकोनात असताना दोन्ही सारखीच येतात, म्हणून हा फरक लक्षात येत नाही, आणि पुढच्या उदाहरणात नवशिक्याचा हिशेब तेथेच फसतो.

आता बलांची यादी करावी. किलोचे न्यूटनमध्ये रूपांतर करताना ९.८ ऐवजी १० ने गुणले तरी आपल्या कामापुरते पुरेसे अचूक असते, म्हणून ओझे ५० न्यूटन. हाताचे स्वतःचे वजन अनेक जण विसरतात. ७० किलोच्या माणसाचा कोपराखालील हात पंजासह सुमारे दीड किलोचा असतो, म्हणजे १५ न्यूटन, आणि त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे सर्व वजन जेथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, कोपरापासून साधारण १५ सेंटीमीटरवर असतो. दंडाच्या पुढच्या स्नायूची कंडरा सांध्यापासून जेमतेम ४ सेंटीमीटरवर हाडाला जोडलेली असते. कोपर वाकवून घट्ट आवळले की ही ताठ दोरी घडीत चिमटीला लागते, तेव्हा तिच्या जवळिकीची खात्री करून घ्यावी.

प्रत्येक बलाचा फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, हा बल गुणिले लंब अंतर असतो. ओझ्याचा टॉर्क ५० × ०.३५ म्हणजे १७.५ न्यूटन-मीटर आणि हाताचा स्वतःचा १५ × ०.१५ म्हणजे २.२५ न्यूटन-मीटर, दोन्ही मिळून सुमारे १९.७५. हात स्थिर आहे, याचा अर्थ स्नायू उलट दिशेने तेवढाच टॉर्क देत आहे. म्हणून स्नायूचे बल १९.७५ ÷ ०.०४, म्हणजे जवळजवळ ४९४ न्यूटन येते. पहिल्यांदा हा आकडा आल्यावर दशांश चिन्ह चुकले असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. ते चुकलेले नसते.

येथे थांबू नये. स्नायू हात वर ओढतो ४९४ न्यूटनने, वजने खाली ओढतात केवळ ६५ न्यूटनने, तरी हात वर उडून जात नाही, कारण दंडाचे हाड त्याला वरून दाबून धरते. ते बल ४९४ − ६५, म्हणजे सुमारे ४३० न्यूटन, आणि तोच कोपराच्या सांध्यावरील दाब. सांधे झिजण्याचा विचार करताना याच आकड्याकडे पाहावे लागते. सांध्यावर दाब देणारा सर्वांत मोठा घटक सहसा ओझे नसून आपलाच स्नायू असतो, ही गोष्ट पुढच्या प्रत्येक उदाहरणात पुन्हा भेटेल.

याच मांडणीत ओझे तळहातावरून काढून तळहात आणि कोपर यांच्या साधारण मधोमध, १७ सेंटीमीटरवर टांगून हिशेब पुन्हा करावा. स्नायूचे बल सुमारे २७० न्यूटनवर येते. वजन तेच आहे, बदलले ते फक्त अंतर.

कमर : सर्वांत उपयोगी हिशेब

ओझे उचलणाऱ्याच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, तीन-चार मीटर दूर कॅमेरा ठेवून चित्रण करावे. चौकटीत, व्यक्तीच्या रांगेतच, ज्ञात लांबीची पट्टी उभी असावी, म्हणजे पडद्यावरील अंतरांचे सेंटीमीटरमध्ये रूपांतर करता येते. ओझे जमिनीवरून सुटते तो क्षण थांबवून कमरेची खूण, धडाचा गुरुत्वमध्य आणि ओझ्याचा मध्य अशा तीन ठिकाणांहून उभ्या रेषा माराव्यात. धड, डोके आणि हात यांचा एकत्रित गुरुत्वमध्य छातीच्या खालच्या भागाजवळ धरला तर फारशी चूक होत नाही.

समजा ७० किलोची व्यक्ती १५ किलोचे खोके उचलत आहे. कमरेच्या वरच्या भागाचे वजन सुमारे ४० किलो, म्हणजे ४०० न्यूटन. पाय ताठ ठेवून ती उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत पुढे वाकली असून धडाचा गुरुत्वमध्य कमरेच्या पुढे २५ सेंटीमीटरवर आणि खोके ५० सेंटीमीटरवर आहे. टॉर्क होतो ४०० × ०.२५ म्हणजे १००, अधिक १५० × ०.५० म्हणजे ७५, एकूण १७५ न्यूटन-मीटर. तो सांभाळणारे पाठीचे स्नायू मणक्यांमधील गादीच्या केंद्रापासून केवळ ५ सेंटीमीटर मागे असतात, म्हणून त्यांना ३५०० न्यूटन बल लावावे लागते. धड कलते असल्यामुळे वजनांचा कण्याच्या दिशेने येणारा भाग निम्मा, सुमारे २७५ न्यूटन, त्यात मिळवला की मणक्यांमधील गादीवर सुमारे ३८०० न्यूटन दाब येतो. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८१ मध्ये ओझे उचलण्याच्या कामासाठी या दाबाची सावधगिरीची मर्यादा ३४०० न्यूटन अशी धरली होती. १५ किलो हे कोणी जड समजणार नाही, तरी मर्यादा ओलांडली गेली.

आता त्याच व्यक्तीने खोके दोन पायांच्या मध्ये घेतले, खुबे आणि गुडघे वाकवले आणि धड ३० अंशच कलू दिले, तर धडाचा गुरुत्वमध्य १५ आणि खोके २५ सेंटीमीटरवर येते. टॉर्क ६० अधिक ३७.५, म्हणजे ९७.५ न्यूटन-मीटर, स्नायूचे बल १९५० न्यूटन, वजनांचा कण्याच्या दिशेचा भाग सुमारे ४७५ न्यूटन मिळवून एकूण दाब २४०० न्यूटनच्या जरा वर.

‘गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा’ हा सल्ला सर्वत्र दिला जातो, पण वरील दोन बेरजा शेजारी ठेवून पाहिल्यास त्याच्या मागचे खरे कारण अंतर हे आहे, असे दिसते. खोके इतके रुंद असेल की ते गुडघ्यांच्या मध्ये मावत नाही, तर गुडघे वाकवल्याने उलट ते अधिक पुढे ढकलले जाते आणि हिशेब बिघडतो. अशा वेळी आधी खोके उभे करावे किंवा त्यातील वस्तू वेगळ्या करून न्याव्यात. सल्ला एकच लक्षात ठेवायचा असेल, तर ‘ओझे पोटाजवळ’ हा ठेवावा. झटका देऊन उचलणे वेगळ्या कारणाने महाग पडते : ओझ्याला प्रतिसेकंद ५ मीटर प्रतिसेकंद इतका वेग वाढवत वर नेले, तर १५ किलोचे ओझे त्या क्षणापुरते सुमारे २२ किलोसारखे वागते.

खुबा आणि काठी कोणत्या हातात

एका पायावर उभे राहिले की शरीराचे उरलेले वजन त्या खुब्याच्या आतल्या बाजूला येते आणि श्रोणी, म्हणजे कटीचा पट्टा, दुसऱ्या बाजूला खाली झुकू पाहतो. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू त्याला तोलून धरतात. ६० किलोच्या व्यक्तीचा आधाराचा पाय वजा केला की सुमारे ५०० न्यूटन उरतात. ते खुब्यापासून १० सेंटीमीटरवर काम करतात, तर स्नायू ५ सेंटीमीटरवर. म्हणून स्नायूचे बल १००० न्यूटन आणि सांध्यावरील दाब ५०० अधिक १००० म्हणजे १५०० न्यूटन, शरीराच्या पूर्ण वजनाच्या अडीचपट. चालताना प्रत्येक पावलाला आपण काही क्षण एका पायावरच असतो, हे विसरू नये.

दुखऱ्या खुब्यासाठी काठी विरुद्ध बाजूच्या हातात का धरावयाची, हे या मांडणीतून लगेच कळते. विरुद्ध हातातील काठी खुब्यापासून ४० सेंटीमीटर दूर असते. तिच्यावर केवळ ५० न्यूटन भार दिला तरी मूळच्या ५०० × ०.१० म्हणजे ५० न्यूटन-मीटर टॉर्कपैकी ५० × ०.४० म्हणजे २० न्यूटन-मीटर कमी होतो, स्नायूला ६०० न्यूटन पुरतात आणि सांध्यावरील दाब १०५० न्यूटनवर येतो. काठीने उचलले ५० न्यूटन, सांध्यावरून उतरले ४५०. ५ किलोची पिशवी मात्र विरुद्ध हातात घेतली, तर तोच ४० सेंटीमीटरचा दांडा उलटा फिरतो : टॉर्क ७०, स्नायू १४००, सांध्यावर १९५० न्यूटन. पिशवी दुखऱ्या खुब्याच्याच बाजूला, खुब्यापासून २० सेंटीमीटर बाहेर धरली, तर ती स्नायूला मदतच करते आणि दाब १३५० न्यूटन होतो, म्हणजे रिकाम्या हाताने उभे राहण्यापेक्षाही कमी. हे वाचून विश्वास बसत नसेल, तर बेरीज स्वतः करून पाहावी.

गुडघा, खुर्ची आणि उडी

गुडघ्याची वाटी हा शोभेचा तुकडा नाही. ती मांडीच्या स्नायूची कंडरा सांध्यापासून पुढे उचलून धरते, म्हणून स्नायूला थोडा लांब दांडा मिळतो. तरीही तो ४ ते ५ सेंटीमीटरच असतो. खुर्चीतून उठताना गुडघ्याचा भार कमी करावयाचा असेल, तर उठण्याआधी पावले मागे घ्यावीत आणि धड पुढे झुकवावे. त्याने गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा पावलांवर येते आणि गुडघ्यापासूनचे अंतर घटते. बदल्यात खुब्याच्या स्नायूंना जास्त काम पडते. ही रेषा पावलांवर आल्याशिवाय उठता येतच नाही. पाठ खुर्चीला टेकवून बसलेल्या माणसाच्या कपाळावर एक बोट ठेवून त्याला डोके पुढे न आणता उठण्यास सांगावे. पायांत कितीही ताकद असली तरी तो उठू शकत नाही.

उडीसाठी सूत्र वेगळे आहे, कारण तेथे शरीर थांबवावयाचे असते. जमिनीला पाय लागण्यापूर्वी शरीर जेवढे खाली आले ती उंची, भागिले पाय लागल्यानंतर ते जेवढे आणखी खाली जाते ते अंतर, अधिक १. इतक्या पट वजनाचे सरासरी बल पायांना सोसावे लागते. ५० सेंटीमीटरवरून उडी मारून ताठ पायांनी ५ सेंटीमीटरमध्ये थांबल्यास ११ पट, गुडघे-खुबे वाकवून २५ सेंटीमीटरमध्ये थांबल्यास ३ पट. तुलनेसाठी, साध्या चालण्यात जमिनीची प्रतिक्रिया वजनाच्या सुमारे १.२ पटीपर्यंत आणि धावण्यात दोन ते तीन पटींपर्यंत जाते.

आकड्यांमागील हाड आणि स्नायू

एवढी बले हाड सोसते कसे, याचे उत्तर त्याच्या आकारात आणि घडणीत आहे. घट्ट हाड दाबाला सर्वांत अधिक टिकते, ताणाला त्याहून कमी आणि कातरणाऱ्या बलाला सर्वांत कमी. हाड वाकते तेव्हा एक बाजू दाबली जाते व दुसरी ताणली जाते, आणि प्रौढांत तडा सहसा ताणलेल्या बाजूला सुरू होतो. वाकण्याला विरोध करणारे द्रव्य मध्यापासून जितके दूर तितके प्रभावी ठरते, म्हणून मांडीचे हाड नळीसारखे पोकळ असूनही मजबूत असते. हाड भारानुसार स्वतःला घडवते, हा विचार जर्मन शल्यविशारद यूलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. टेनिसपटूंच्या रॅकेट धरणाऱ्या हाताची हाडे दुसऱ्या हातापेक्षा जाड आढळतात आणि अंतराळात महिनोन्‌महिने राहणाऱ्यांच्या हाडांतील खनिज घटते. सांध्यातील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत अस्तराला, रक्तवाहिन्याच नसतात. दाब पडणे आणि सुटणे या आळीपाळीने वंगणद्रव आत-बाहेर होऊन तिचे पोषण होते. सांध्यावर दाब येतो म्हणून तो हलवूच नये, असा अर्थ वरील आकड्यांवरून काढणे म्हणूनच चुकीचे ठरेल.

स्नायूचे बलही सर्व स्थितींत सारखे नसते. मनगट पूर्ण आत वाकवून मूठ घट्ट आवळण्याचा प्रयत्न करावा, मग मनगट किंचित मागे कलवून तोच प्रयत्न करावा. पहिल्या खेपेला पकड ढिली पडते, कारण बोटे मिटवणारे स्नायू कोपराखालच्या हातात असून मनगट ओलांडून जातात. मनगट वाकल्यावर ते आधीच इतके आखूड झालेले असतात की बल देण्यास वाव उरत नाही, आणि हाताच्या मागच्या बाजूच्या कंडरा ताणल्या जाऊन बोटांना अडवतात. हिशेबातून स्नायूला ५०० न्यूटन हवेत असे निघाले, तरी त्या कोनात तो तेवढे देऊ शकतो की नाही, हा प्रश्न वेगळा उरतो.

या पद्धतीच्या मर्यादा

वरील सर्व हिशेब स्थिर किंवा अतिशय संथ हालचालीचे आहेत, आणि प्रत्येकात एकाच स्नायूने सर्व काम केले असे मानले आहे. प्रत्यक्षात कोपर वाकवणारे किमान तीन स्नायू असतात, आणि सांधा घट्ट धरण्यासाठी समोरासमोरचे स्नायू एकाच वेळी आखडतात. तेव्हा सांध्यावरील दाब हिशेबापेक्षा वाढतो. स्नायूंची अंतरेही माणसागणिक बदलतात, म्हणून उत्तर दशांशापर्यंत लिहिण्यात अर्थ नाही. दोन स्थितींची तुलना करण्यासाठी मात्र ही पद्धत भरवशाची आहे, कारण गृहीतकांतील चूक दोन्हीकडे साधारण सारखीच शिरते. दुखणे असलेल्या सांध्याचा निर्णय अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट यांनाच करू द्यावा.

पडताळा घेण्याची सोय खुब्याच्या बाबतीत झालेली आहे. बल मोजणारी उपकरणे बसवलेले कृत्रिम खुबे काही रुग्णांमध्ये रोवून संशोधकांनी चालतानाचे आकडे प्रत्यक्ष मिळवले. ते शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच ते तीन पट भरले. कागदावर, दोन अंतरे आणि एक वजन एवढ्यावर आपण काढलेला आकडा होता अडीच.